मिनिटाला तेरा थेंब

गुरुवार, १६ ऑक्टोबर १९८६. सकाळी ६.१०

दुरुस्ती. काल मी लिहिलं की गिझर मिनिटाला चौदा थेंब गळतो. ते चूक आहे. तेरा. चौदावा थेंब माझ्या ओल्या मनगटावरून पडला होता, घड्याळ बघायला हात वर धरला होता त्यामुळे. आकडा एका रेघेनं खोडला, वर बरोबर आकडा लिहिला, तारीख घातली, सही केली. लॅबमध्ये सुधीर सरांचा हाच नियम आहे. गिरवायचं नाही, पान फाडायचं नाही, चूक लपवायची नाही. मी नोकरी करते त्या पावणे इथल्या रंगाच्या कारखान्यात हे चालतं, तर घरी का नको?

थोडी पार्श्वभूमी, पुढे संदर्भ लागला तर. गिझर माझ्या पहिल्या बोनसमधून आला. आमच्या घराण्यातला पहिला गिझर. मी घराण्यातली पहिली मॅट्रिक, पहिली बी.एस्सी. आणि गिझरबरोबर आलेलं माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचणारीही पहिली. आबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत. दिवसभर पोती वाहिलेल्या पाठीला गरम पाणी मिळावं, एवढाच हेतू. बसवला झहूरभाई प्लंबरनी, गणपतीनंतर. आमच्या सोसायटीच्या तिन्ही बिल्डिंगची कामं तेच करतात. महिनाभर एक थेंब नाही.

दसऱ्याला मी गिझरची रीतसर पूजा केली. कुंकवाचं स्वस्तिक, सुतळीत ओवलेला झेंडूचा हार. हाराचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि हार गिझरवरून तिरका आणला. खालचं टोक लोंबकळायला लागलं, म्हणून ते गिझरखालच्या व्हॉल्वची छोटी दांडी असते तिला त्याच सुतळीनं बांधलं. गाठ पक्की मारली. मी गाठ मारली की सुटत नाही.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी गळायला लागला.

आई म्हणते, "तू हार बांधलास तवापासनं रडतंय त्ये." आईचं शिक्षण झालेलं नाही. एकामागून एक घडलं की पहिल्यामुळे दुसरं घडलं, असं तिला वाटतं. मी तिला उदाहरणं देऊन समजावलं. ती म्हणाली, "बरं बाई."

संकल्प: आठ दिवसांत कारण शोधायचं. शास्त्रीय पद्धतीनं. पुराव्याशिवाय कुणालाही दोष द्यायचा नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. सकाळी ६.००

तेरा.

आईनं सुकलेली फुलं काढून निर्माल्यात टाकली. सुतळीही ओढत होती. मी थांबवलं. रीडिंगचा तक्ता लटकवायला जागा हवीच होती आणि खिळा ठोकला तर टाइल फुटेल. सुतळी आयती आहे. पुठ्ठा, त्यावर कागद, चिमट्यानं पेन. छान दिसतं. लॅबसारखं.

गिझरखाली बादली ठेवली. नियम: रीडिंग घेतल्याशिवाय बादली कुणीही हलवायची नाही.

संध्याकाळी ७.००. एकोणीस थेंब! नोंद ठेवायला सुरुवात केली आणि त्याच दिवशी गळती वाढली. म्हणजे मी अगदी योग्य वेळी लक्ष घातलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर. सकाळी ६.४०

महत्त्वाचं निरीक्षण. आबांच्या आंघोळीआधी एकोणीस, आंघोळीनंतर सव्वीस. बाथरूम वाफेनं भरलेलं, सगळं ओलं, माझा तक्ताही ओला. मी विचारलं, नळ कसा फिरवता? आबा म्हणाले, "जसा फिरतुया तसा." मी त्यांना दोन बोटांनी फिरवून दाखवला. पन्नास वर्षांचा माणूस, शंभर किलोचं पोतं एका दमात उचलणारा, माझ्यासमोर दोन बोटांनी नळ फिरवत उभा राहिला. एकदाही हसले नाहीत. "लेक शिकलीया, तिला म्हाईत," असं आईला म्हणाले.

आई म्हणाली, "तिला समदं म्हाईत, सुतळी सोडून." दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी ७.००. आईनं दुपारी बादली ओतून त्या पाण्यात भांडी घासली. शनिवारचं दुपारचं रीडिंग कायमचं गेलं. तिला नियम पुन्हा सांगितला: बादली भरून वाहिली तरी हात लावायचा नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर. दुपारी १२.१५

झहूरभाई आले. पनवेलहून एस.टी.नं येतात, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. पाना काढून थेट व्हॉल्वला हात घालत होते. मी म्हटलं, आधी रीडिंग पूर्ण होऊ दे, तुम्ही हात लावलात तर आधीची परिस्थिती कशी कळणार? ते म्हणाले, "ताई, हात लावल्याबिगर आजार कसा समजनार? डॉक्टर लांबून नाडी बगतो काय?" पण थांबले. स्टुलावर बसून चहा घेतला. मग बाथरूममध्ये डोकावून म्हणाले, "ही दोरी कशापायी बांधलीय?" मी सांगितलं, रेकॉर्ड आहे, हलवू नका.

आईनं तोंडाला पदर लावला.

झहूरभाई म्हणाले, "बरं, तुमची वही झाली की सांगा. बसवलंय आमी, वरसाची ग्यारंटी आमची. येता-जाता वॉशर घेऊन येतो."

माणूस सज्जन आहे. पण सज्जन असणं म्हणजे काम बरोबर असणं नव्हे. भावनेच्या भरात निष्कर्ष काढायचे नाहीत.

तक्त्याचे कागद सात झाले. मागे आणखी एक पुठ्ठा लावला. संध्याकाळी ७.००. एकतीस.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. संध्याकाळी ८.००

सोसायटीचे सेक्रेटरी गुप्तेकाका घरी आले. पहिल्यांदाच. खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे. आमच्या कोपऱ्यातल्या फरशीचा सांधा उघडा आहे, बादलीतून वाहिलेलं पाणी तिथून उतरतं. आबा त्यांना बघून उभेच राहिले, बसायला तयार होईनात.

गुप्तेकाकांनी कारण विचारलं. आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं वही केलीया. समदं लिवून ठेवलंय."

काकांनी तक्ता बघितला. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितला. म्हणाले, अशी शिस्त मी नोकरीच्या एकतीस वर्षांत फार कमी पाहिली. मुली, तुझं म्हणणं लेखी दे. रविवारी वार्षिक सभा आहे. (सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. यंदा त्यांच्या मोतीबिंदूमुळे लांबली.)

लेखी. माझ्याकडून.

कारणांची यादी केली. पाण्याचा दाब: शेजाऱ्यांचा गिझर गळत नाही, म्हणून बाद. आबांचा नळ: दोन बोटांनीही गळतं, बाद. टाकी गंजली: नवीन आहे, बाद. उरलं काय? जोडणी. जोडणी कुणी केली? हे मी म्हणत नाही. यादी म्हणते.

बुधवार, २२ ऑक्टोबर. सकाळी ५.३०

पत्र लिहिलं. चार कच्चे मसुदे. मुख्य वाक्य: "सदर गिझरची जोडणी सदोष व निष्काळजीपणे झाली असल्याचे माझ्या निरीक्षणांवरून सिद्ध होते." आधी फक्त 'सदोष' होतं. वाक्य आखूड वाटत होतं.

आबांनी पत्र दोन्ही हातांत धरून सरळ-उलटं बघितलं. त्यांना वाचता येत नाही, पण खालची सही ओळखली. कार्बन कॉपी मागून घेतली, तिला हळद-कुंकू लावलं आणि देवांच्या मागे ठेवली.

सोमवार, २७ ऑक्टोबर. सकाळी ६.००

काल सभा झाली, बिल्डिंग दोनच्या जिन्याखाली. गुप्तेकाकांनी माझं पत्र मोठ्यानं वाचलं. "भाषा काय स्वच्छ आहे," असं म्हणाले. टाळ्या वाजल्या नाहीत, पण माना हलल्या. आबा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. सोसायटीच्या सभेत ते नेहमी मागे भिंतीला टेकून उभे राहतात.

ठराव: वर्षभराचं प्लंबिंगचं काम झहूरभाईंकडून काढून तुर्भ्याच्या एका माणसाकडे. तिन्ही बिल्डिंग. अठ्ठेचाळीस फ्लॅट.

इतकं होईल असं मला वाटलं नव्हतं. मी एका गिझरबद्दल लिहिलं होतं. पण सामूहिक निर्णयाची जबाबदारी एकट्या व्यक्तीवर येत नाही.

आबा घरी येताना म्हणाले, "उद्या मार्केटात सांगनार. माझ्या पोरीनं लिवलं आन अख्खी सोसायटी हलली."

गळती चौतीस. तुर्भ्याचा माणूस अजून आलेला नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर. संध्याकाळी ७.४५

मी कामावर असताना आईनं दिवाळीची साफसफाई केली. तक्ता, कागद, पुठ्ठे, सगळं गठ्ठा बांधून माझ्या गादीवर. सुतळी विळीनं कापून टाकली. दोन आठवड्यांचा अभ्यास उद्ध्वस्त. मी तिला काही बोलणार नव्हते, पण बोलले.

ती म्हणाली, "आता मोज की."

शून्य.

पाच मिनिटं उभी राहिले. शून्य.

संभाव्य कारणं: (१) क्षार साचून छिद्र आपोआप बुजलं. (२) थंडी पडायला लागली. (३) दाब कमी झाला असावा.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. सकाळी ५.५०

मी प्रामाणिक आहे, म्हणून हे लिहिते. केराच्या टोपलीतून सुतळी काढली. दोन तुकडे जोडून पूर्वीच्या जागी बांधली: वर गज, खाली दांडी. दांडी किंचित उचलली गेली. तेरा थेंब. सुतळी सोडली. शून्य. बांधून पाण्याचा हबका मारला. सुतळी ताठ झाली, एकवीस. मध्ये तक्ता लटकवला. एकतीस. काढला, सोडली. शून्य.

तीन वेळा केलं. चौथ्यांदा करायची गरज नव्हती. केलं.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "झालं का शास्त्र?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "त्या झहूरभाऊंचं काय?"

मी म्हटलं, दुरुस्ती करणार. लेखी. नियमच आहे. आज सही केलेलं दुरुस्तीपत्र गुप्तेकाकांना.

संध्याकाळी ८.००. गुप्तेकाकांच्या दारापर्यंत गेले. आत पाहुणे होते. रांगोळीवर पाय पडेल म्हणून परत आले.

शनिवार, १ नोव्हेंबर. सकाळी ६.३०

पहिली आंघोळ. आबांच्या पाठीला आईनं तेल लावलं. भरपूर गरम पाणी, एक थेंब वाया नाही. आबा बाहेर येऊन म्हणाले, "हिच्या पत्रानं गिझर पन भ्याला बघा." आई माझ्याकडे बघत होती. सणाच्या दिवशी वडिलांना दुखवणं योग्य नाही.

रविवार, २ नोव्हेंबर. दुपारी १.००

झहूरभाई आले. बोलावलं नव्हतं. पिशवीतून वॉशर काढला: "ग्यारंटी दिलेली ना ताई." मी म्हटलं, गळती थांबली. त्यांनी वाकून व्हॉल्व बघितला. दांडीवर सुतळीची घासलेली खूण आहे. बोटानं पुसली आणि म्हणाले, "थांबलं ना? मग झालं."

आईनं चकल्या, करंज्या दिल्या. मी आत पेन आणायला गेले होते, कशाला ते आता आठवत नाही. बाहेर आले तर त्यांनी सोसायटीची टाइप केलेली नोटीस पुढे केली. "आमचं शिक्षण चौथीपर्यंत, ते पन उर्दूत. जरा वाचून दावा, काय लिवलंय आमच्याविषयी."

मी वाचली. मोठ्यानं, सावकाश. माझं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं. 'सदोष व' इथपर्यंत आले, श्वास घ्यायला थांबले आणि पुढे 'झाली असल्याचे' पासून सुरुवात झाली. एक शब्द राहिला. शब्दांचा हिशेब केला तर नव्वदातला एक.

"कुनी लिवलंय?" त्यांनी विचारलं. नोटिशीत 'एका सभासदाच्या लेखी तक्रारीवरून' एवढंच आहे. म्हणून मी म्हटलं, नाव दिलेलं नाही. हे खरं आहे. सभासद आबा आहेत, तेही खरं आहे.

त्यांनी हातातली करंजी ताटलीत परत ठेवली. मग म्हणाले, "ताई, आमाला एक अर्ज लिवून द्याल? पुन्हा कामावर घ्या म्हनून. आमी तोंडानं सांगून कोन ऐकतंय? लिवलेलं पायजे."

मी लगेच हो म्हटलं. उलट मला मोकळं वाटलं. मदत करण्याची संधी आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर. सकाळी ५.४०

अर्ज पूर्ण. झहूरभाई उद्या येऊन नेणार आहेत. दोन पानं. झहूरभाईंची नऊ वर्षांची सेवा, चार वर्षांपूर्वी टाकी फुटली तेव्हा पहाटे पनवेलहून येणं, वेळेवर काम, गोड बोलणं. फार चांगला झाला आहे. वाचताना मला भरून आलं.

गळतीच्या खऱ्या कारणाचा उल्लेख केलेला नाही. तो अर्जदाराच्या तोंडी शोभणार नाही. ते काम माझ्या दुरुस्तीपत्राचं. ते मी रविवारी, ९ तारखेला देणार. त्या दिवशी कमिटीची बैठक आहे. सुतळीचे दोन तुकडे पाकिटात घालून ठेवले आहेत, पुरावा म्हणून.

आईनं विचारलं, "त्या कागदात सुतळी हाय का?" मी म्हटलं, वेगळ्या कागदात येणार. "त्यो कागूद कुटं हाय?" लिहायचा आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.१०

दुरुस्तीपत्राचा सहावा मसुदा. 'माझ्या हातून' लिहावं की 'अनवधानाने'? 'अनवधानाने' लिहिलं की वाक्याला कर्ता लागत नाही.

आबांनी देवांमागची कार्बन कॉपी काढून मार्केटातल्या मुकादमाला दाखवायला नेली होती. आज परत आणली, कडांना चिकटपट्टी लावून. "फाटायला नगं," म्हणाले.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ११.३०

बैठक दहाला होती. नऊ वाजता पत्र तयार होतं. सही करताना शाईचा ठिपका पडला. असं पत्र कमिटीला देता येत नाही. नवीन लिहायला घेतलं, तोवर साडेदहा.

तेवढ्यात झहूरभाई आले. मी लिहिलेला अर्ज हातात, मी घातलेल्या घडीवरच नीट दुमडलेला.

म्हणाले, "लई चांगला लिवलाय ताई. आमच्या हलिमानं दोनदा वाचून दाखवला. तिला तुमचं अक्षर आवडलं."

मी विचारलं, हलिमा कोण? त्यांची मुलगी. पनवेलला मराठी शाळेत, सातवीत. त्यांच्या घरातली पहिली.

"ती सोसायटीची नोटीस पन तिनंच वाचलेली," ते म्हणाले. "अगुदर. सगळी."

सगळी. म्हणजे तो शब्दही. दोन तारखेला इथे येऊन बसण्याआधी.

आई चुलीकडून म्हणाली, "मी तवाच सांगितलं त्यांना, पत्राचं आन सुतळीचं, तू पेन आनाया गेलीस तवा." (दुरुस्ती: आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे. सवयीनं लिहिलं.)

झहूरभाईंनी अर्ज टेबलावर ठेवला, त्यावर वॉशर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. म्हणाले, "एवडंच वाटलं, यात दोरीचं आलं नाय. ते आमी लिवून चालनार नाय, तुमीच लिवलं पायजे. घाई नाय ताई. तुमाला जमंल तवा."

पिशवी उचलली. आईनं चहाला थांबवलं तर म्हणाले, कळंबोलीला एक काम मिळालंय, जातो. दारात वळून म्हणाले, "हलिमा विचारत होती, त्या ताई काय शिकल्यात?" आईनं सांगितलं, "बी.एस्सी."

दुपारी २.००

शांतपणे विचार केला. त्यांनी स्वतः 'घाई नाही' म्हटलं, याची इथे मुद्दाम नोंद करते. आजची बैठक संपली आहे. पुढची कमिटी १४ डिसेंबरला, पण त्या आठवड्यात लॅबमध्ये स्टॉक तपासणी. शिवाय मूळ पत्र सगळ्यांसमोर वाचलं गेलं. दुरुस्ती फक्त पाच जणांसमोर झाली तर ती अपुरी ठरेल. झहूरभाईंवर तो अन्याय होईल. दुरुस्ती तिथेच, त्याच लोकांसमोर, उभं राहून, स्वतःच्या तोंडानं व्हायला हवी. तोपर्यंत आबांनाही हळूहळू कल्पना देता येईल. हवं तर तोवर मी रोज सकाळी थेंब मोजत राहीन. जवळजवळ वर्षभराची शून्यं हातात असली की कुणाला शंका राहणार नाही.

सुतळी, वॉशर आणि अर्ज एकाच पाकिटात ठेवले. पाकिटावर तारीख घातली. सही केली.

पक्का निर्णय. आता बदल नाही: रविवार, २७ सप्टेंबर १९८७, सकाळी दहा वाजता, बिल्डिंग दोनच्या जिन्याखाली, वार्षिक सभेत.

दुरुस्ती. वार्षिक सभा दहाला नसते. साडेदहाला.